गाडी मिसिंग मारतेय? कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावू नका

पाऊस सुरू झाला की गॅरेजवर रोज एकच तक्रार येते: ‘काल चांगली होती, आज मिसिंग मारते, स्लोवर थांबत नाही.’ म्हणजे इंजिन मध्येच अडखळतं आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बंद पडतं. काम बहुतेक वेळा छोटं असतं. वेळ जातो तो गाडी इथे येण्याआधी कुणीतरी कार्बोरेटरचा, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा, एअर स्क्रू फिरवलेला असतो म्हणून.

स्क्रू फिरवला की गाडी दोन दिवस बरी चालते, त्यामुळे मोह होतो. पण फिल्टरमधली धूळ किंवा स्लो जेटमधला (स्लोला पेट्रोल देणाऱ्या बारीक छिद्रातला) कचरा तिथेच राहतो आणि वर सेटिंगही जातं. मग आम्हाला एकाच्या जागी दोन दोष शोधावे लागतात. शिवाय सगळ्या गाड्यांना हा स्क्रू सारखा नसतो: काहींत तो बाहेर काढला की पेट्रोल वाढतं, काहींत कमी होतं. जोरात आवळला तर टोकाला खाच पडते. मग कितीही फिरवा, स्लो लागत नाही.

घरी पाहायचं असेल तर आधी चोक बंद आहे ना ते पाहा. गाडी धुतल्यावर त्रास सुरू झाला असेल, तर इंजिन गार झाल्यावर स्पार्क प्लगची कॅप काढून आतून कोरडी करा. प्लग काढता येत असेल तर त्याच्या टोकाचा रंग बघा. तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पोचतंय. अशी गाडी लांब पळवू नका, इंजिन तापतं. तो प्लग फेकू नका, सोबत आणा.

‘एवढ्याशा कामाला अर्धा दिवस का?’ असं विचारतात. टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवर बघावे लागतात आणि कार्बोरेटर गरम इंजिनवर लावावा लागतो. घाईत केलेलं ट्यूनिंग टिकत नाही, म्हणून आम्ही घाई करत नाही.

आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये ओल शिरली की पाणी तळाला बसतं, विशेषतः गाडी बरेच दिवस उभी असेल तर. फ्लोट बाऊलमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतलं, पेट्रोल आम्ही काचेच्या बाटलीत काढून दाखवतो. खाली पाण्याचा थर दिसला, की नवे पार्ट घालण्याआधी टाकी साफ करायची. पावसाळ्याआधीच्या सर्व्हिसिंगमध्ये ही तपासणी आम्ही करतोच.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांना बहुतेक कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असतं. मीटरवरचा इंजिनाचा दिवा लागून राहिला तर काही न उघडता गाडी आणा.

आणि स्क्रू आधीच फिरवला असेल तर गाडी देतानाच सांगा. कुणी रागावणार नाही. आमचा वेळ वाचेल, तुमची मजुरीही.