केबल तुटली तरी संपर्क टिकावा म्हणून: राखीव मार्गांची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर चढले; तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा पुरात दूरसंचार जाळ्याकडून कोणती अपेक्षा ठेवता येते आणि कोणती नाही, याचे उत्तर बिघाड होताच वाहतूक आपोआप राखीव मार्गावर वळवणाऱ्या व्यवस्थेच्या इतिहासात सापडते.

या व्यवस्थेची जुनी रूपे मायक्रोवेव्ह मार्गांवर, म्हणजे मनोऱ्यांदरम्यान रेडिओ लहरींनी संकेत पाठवणाऱ्या मार्गांवर दिसतात. तेथे हवामानामुळे एखाद्या वारंवारितेवरचा संकेत काही क्षण क्षीण होई, म्हणून अनेक वाहिन्यांमागे एक राखीव ठेवली जाई. मनोरे तेच असत आणि ते पुरेसे होते, कारण भीती वाहिनीची होती, वाटेची नव्हती.

फायबर आल्यावर भीती बदलली. जेसीबीच्या एका घावात केबलमधील सगळे तंतू तुटतात. त्याच केबलमधला राखीव तंतू मग शोभेपुरता उरतो. तरीही १९८८ मध्ये सोनेट आणि एसडीएच ही फायबरवरून संकेत पाठवण्याची मानके आकाराला आली, तेव्हा राखीव मार्गाच्या रचनेवर जुन्या विचारांची छाप होती. एका पद्धतीत संकेत दोन्ही मार्गांनी सतत पाठवला जातो आणि संकेत घेणारे टोक त्यांतला चांगला निवडते. दुसऱ्या पद्धतीत जास्तीत जास्त १४ वाहिन्यांना मिळून एकच राखीव वाहिनी असते. हा १४ चा आकडा काहीसा गमतीदार आहे: मार्ग बदलण्याच्या सूचना वाहून नेणाऱ्या के-वन (K1) नावाच्या बाइटमध्ये वाहिनीच्या क्रमांकासाठी चारच बिट असल्याने १६ संख्या मिळतात आणि त्यांपैकी दोन अन्य कामांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. बिघाड ओळखल्यानंतर ५० मिलिसेकंदांत बदल पूर्ण व्हावा, ही अटही याच काळात रूढ झाली. एवढ्या वेळात चालू फोन तुटत नाही.

खरा फरक १९९० च्या दशकात रिंगमुळे पडला. वर्तुळात जोडलेल्या केंद्रांपैकी दोहोंमधला दुवा तुटला, तर वाहतूक उलट दिशेने फिरून पोहोचते. मात्र त्यासाठी रिंगचे दोन्ही हात जमिनीवरही वेगळे असावे लागतात. सांगलीचा एक हात कृष्णा ओलांडून पेठ नाक्यामार्गे महामार्गाकडे आणि दुसरा मिरजेहून पंढरपूरच्या दिशेने गेला, तर ते संरक्षण खरे. दोन्ही हात एकाच पुलावरून नेले, तर नकाशावर काढलेले वर्तुळ प्रत्यक्षात एक रेघच असते, आणि माझ्या मते नियोजनातील सर्वांत महागडी फसगत हीच आहे.

पुढे २००५ मध्ये एमपीएलएस या, डेटाच्या पाकिटांना लेबल लावून ती पुढे पाठवणाऱ्या तंत्राच्या जलद वळणमार्गाचे आणि २००८ मध्ये इथरनेट या डेटा जाळ्यांच्या तंत्रावरील रिंगचे मानक आले; ५० मिलिसेकंदांचे लक्ष्य कायम राहिले. रिंग दोन ठिकाणी तुटली की तिचे तुकडे होतात, म्हणून मोठ्या जाळ्यांत अनेक पर्यायी मार्ग असलेली जाळीदार रचना वापरतात. तिथे नवा मार्ग शोधून काढायचा असेल, तर जास्त वेळ लागतो. शिवाय या सर्व पद्धती फक्त वाटेचे रक्षण करतात. एक्सचेंजमध्येच पाणी शिरले किंवा वीज गेल्यावर जनरेटरचे डिझेल संपले, तर तेथील ग्राहकांना कोणतीही रिंग जोडून ठेवू शकत नाही.