घरकामगार, कोकणातील : जादा कामाचा मोबदला आणि कायदेशीर संरक्षण

घरकामगार म्हणजे दुसऱ्याच्या घरी पैशाच्या किंवा वस्तूच्या मोबदल्यात स्वयंपाक, धुणीभांडी, केरलादी, मुलांची किंवा म्हाताऱ्या माणसांची देखभाल अशी कामे करणारी व्यक्ती. बोलीत तिला मोलकरीण, कामवाली किंवा नुसतेच ‘बाई’ म्हणतात. कोकणात या कामाला घराबाहेरची आणखी एक बाजू असते. खळे सारवणे, आगरातला (नारळी-पोफळीच्या बागेतला) पातेरा म्हणजे वाळका पाला गोळा करणे, मे महिन्यात कोकमे फोडून आमसुले वाळवणे, आंब्याची साठे घालणे, पावसाआधी लाकूडफाटा आत घेणे ही सारी कामे ‘वरकाम’ या एका शब्दात येतात. जादा कामाच्या मोबदल्याचा प्रश्न मुख्यतः या शब्दात अडकलेला आहे. बाई ठेवताना बोली होते ती कामाची, तासांची नव्हे. त्यामुळे जादा काम कुठे सुरू झाले ते कुणालाच बोट ठेवून दाखवता येत नाही.

पगार ठरतो महिन्याचा. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असते. त्याच्या चौकटीत दुधाचे लिटर लिहिलेले असतात आणि बाई आली नाही त्या दिवशी फुली मारलेली असते. हा ‘खाडा’. महिनाअखेरीस खाडे मोजले जातात, काही घरांत त्याप्रमाणे पैसे कापलेही जातात. मात्र ती दोन तास जास्त थांबली त्या दिवसाची खूण त्या चौकटीत नसते. हिशेबाची ही एकच बाजू पिढ्यान्‌पिढ्या लिहिली जात आली आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयातला मूळ अन्याय तोच आहे.

गणपतीत तो सर्वांत स्पष्ट दिसतो. चाकरमानी मुंबईहून येतात, दोन माणसांच्या घरात पंधरा माणसे होतात. पाहुण्यांचे अंथरूण-पांघरूण, उकडीच्या मोदकांची पिठी, आरतीनंतरचा चहा, रात्री उशिरापर्यंत चाललेल्या भजनाची भांडी हे सगळे एकाच जोडीच्या हातांवर येते. त्याच दिवसांत तिच्या स्वतःच्या घरीही गणपती असतो. एरवी सकाळी दोन तास येणारी बाई या दिवसांत आठ तास राबते, असे धरून हिशेब करू. उदाहरणादाखल महिन्याचे २६ दिवस, रोज २ तास आणि पगार ४,००० रुपये घेतला, तर तासाला सुमारे ७७ रुपये पडतात. पाच दिवसांच्या गणपतीत रोजचे सहा जादा तास म्हणजे ३० तास झाले. साध्या दराने त्यांचे सुमारे २,३०० रुपये होतात, दुप्पट दराने ४,६०० च्या वर जातात, म्हणजे महिन्याच्या पगाराहून जास्त. एवढ्या कामावर साडी, नारळ आणि डबाभर मोदक मिळतात. देणाऱ्याच्या मनात माया असते, घेणारीही ते आनंदाने घेते. पण साडी ही भेट आहे आणि जादा तासांचे पैसे हे तिचे येणे आहे. दोन्ही द्यायला हरकत नाही. एकाच्या जागी दुसरे मात्र चालत नाही. दिवाळीच्या पोस्ताचेही, म्हणजे बक्षिसीचेही, तसेच.

रात्रीची सोबत

कोकणाच्या लोकसंख्येची रचना या कामाला वेगळे वळण देते. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. मुले मुंबई-पुण्यात, मोठ्या घरात एकटी आई किंवा दोघे वृद्ध, असे चित्र गावोगाव आहे. त्यातून ‘सोबतीला बाई’ ठेवण्याची पद्धत रुळली. ती संध्याकाळी येते, जेवण करून वाढते, गोळ्या देते आणि ओटीवर किंवा माजघरात झोपते. रात्री आजी दोनदा उठली की तीही उठते. हे तास कामाचे की झोपेचे?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या करार क्रमांक १८९ ने या प्रश्नाला हात घातला आहे. १६ जून २०११ रोजी स्वीकारलेल्या या कराराच्या कलम १० नुसार घरकामगारांना कामाचे तास, जादा कामाचा मोबदला आणि विश्रांती याबाबत इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक मिळायला हवी. आठवड्यातून सलग किमान २४ तासांची सुटी हवी. शिवाय ज्या वेळात कामगाराला आपला वेळ आपल्या मनाप्रमाणे घालवता येत नाही, हाक आली की उठावे लागते, तो वेळ राष्ट्रीय कायदे, सामूहिक करार किंवा प्रचलित पद्धतीने ठरेल त्या प्रमाणात कामाचा धरावा. भारताने कराराच्या बाजूने मत दिले, पण त्याला मंजुरी दिलेली नाही. त्यामुळे सोबतीच्या बाईची रात्र कायद्याच्या दृष्टीने अजून कुणाच्याच खात्यावर पडलेली नाही.

भारतीय कायद्यातील स्थिती

जादा कामाला दुप्पट दर हे तत्त्व भारतीय कायद्याला नवे नाही. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांपलीकडच्या कामाला दुप्पट वेतन सांगितले होते. वेतन संहिता, २०१९ च्या कलम १४ मध्येही सर्वसाधारण दराच्या किमान दुप्पट दर आहे. ही आणि इतर तीन श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. रत्नागिरीत मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात कोळंबी सोलणाऱ्या बाईला हा हक्क कागदावर तरी स्वच्छ आहे. तिची बहीण कुणाच्या घरी तीच कोळंबी सोलत असेल, तर तिच्यासाठी तो अंधूक होतो. कारण संहितेची भाषा ‘आस्थापने’ची आहे. जिथे उद्योग, व्यापार, धंदा, उत्पादन किंवा व्यवसाय चालतो ते ठिकाण म्हणजे आस्थापना. राहते घर या व्याख्येत सरळ बसत नाही. औद्योगिक संबंध संहिता, २०२० तर ‘उद्योग’ या व्याख्येतून घरगुती सेवा नाव घेऊन वगळते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मात्र असंघटित क्षेत्रातल्या वेतनी कामगारांत घरकामगारांचा उल्लेख करते. म्हणजे कल्याणाच्या यादीत ती आहे, तासांच्या यादीत नाही.

महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ हा आहे. १८ ते ६० वर्षे वयाच्या घरकामगारांची नोंदणी आणि नोंदीत कामगारांना प्रसूती, अपघात, मुलांचे शिक्षण, अंत्यविधी यांसाठी साहाय्य ही त्याची चौकट आहे. कोविडच्या काळात २०२१ मध्ये राज्य सरकारने नोंदीत घरकामगारांना १,५०० रुपयांची मदत जाहीर केली, तेव्हा नाव नोंदवण्याचे मोल अनेकींना कळले. असे असले तरी हा कायदा कामाचे तास, साप्ताहिक सुटी किंवा जादा कामाचा दर ठरवत नाही. कर्नाटक, केरळ, तमिळनाडू, राजस्थान यांसारख्या राज्यांनी घरकामासाठी किमान वेतनाचे दर अधिसूचित केले आहेत. असा दर ठरला की जादा तासाची किंमत मोजायला पाया मिळतो. दुप्पट म्हणायचे तर कशाच्या दुप्पट, ते आधी ठरावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ च्या निकालात, घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदेशीर चौकट हवी का, हे तपासण्यासाठी समिती नेमण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. त्याच्या कितीतरी आधी, १९८० मध्ये, पुण्यातल्या मोलकरणींनी संप करून पगारवाढ आणि हक्काच्या सुट्यांची मागणी पुढे आणली होती आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. शहरात एका वाडीतल्या दहाजणी एकत्र येऊ शकतात. कोकणात घरे लांब लांब, वाड्या विखुरलेल्या आणि मालकीण बहुधा भावकीतली किंवा ओळखीतली असते. तिच्याकडे पैसे मागणे म्हणजे नाते तोडणे, असे बाईला वाटते.

या संकोचामागे इतिहासही आहे. खोती पद्धतीत कुळांना खोताकडे, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराकडे, फुकट राबावे लागे. आठ दिवसांतून एक दिवस द्यायच्या या श्रमाला आठवेठ म्हणत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले, १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला आणि १९४९ च्या कायद्याने खोती संपली. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली. मात्र ‘मोठ्या घरी’ हाक आली की जायचे, ही सवय कायद्याच्या तारखेला संपली नाही.

घर की धंदा

अलिबाग, दापोली, गुहागर, मालवण या किनाऱ्यावर घरगुती निवास-न्याहारीचा व्यवसाय वाढल्यापासून एक नवा गुंता झाला आहे. बाई कामाला लागते घरकामाला; मग शनिवार-रविवारी पर्यटकांच्या खोल्या, चादरी, घावणे आणि माशांची ताटे तिच्याकडेच येतात. पर्यटकांकडून पैसे घेऊन खोली आणि जेवण दिले जाते तिथे धंदा चालतो आहे. ‘आस्थापना’ या शब्दाला तिथे खरा आधार मिळतो आणि जादा तासांचा दावा राहत्या घरापेक्षा बळकट होतो. म्हणून घरचे काम किती आणि पाहुण्यांचे किती, हे अशा ठिकाणी वेगळे लिहून ठेवणे फार उपयोगाचे आहे.

रत्नागिरी आणि रायगडच्या अनेक कुटुंबांचे आखाती देशांशी जुने नाते आहे, म्हणून तिथली तुलना जवळची वाटते. कुवेतने २०१५ मध्ये घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा करून कामाची मर्यादा दिवसाला १२ तास, आठवड्याची सुटी आणि वर्षाला ३० दिवसांची भरपगारी रजा ठरवली. १२ तास हे जास्तच आहेत, पण आकडा लिहिलेला आहे. अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्याने २०१० मध्ये आठवड्याच्या ४० तासांनंतर, आणि मालकाच्या घरी राहणाऱ्यांसाठी ४४ तासांनंतर, दीडपट दर लागू केला.

इतर संरक्षण आणि दाद

तासांबाबत कायदा मुका असला तरी काही संरक्षणे पक्की आहेत. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा राहत्या घरालाही कामाचे ठिकाण मानतो आणि घरकामगाराचा स्पष्ट उल्लेख करतो. तिने तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. प्रथमदर्शनी तथ्य दिसल्यास समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. १४ वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून मनाई आहे. ‘शिकवायला आणली आहे’ असे सांगून गावाकडची मुलगी भांड्यांना बसवणे हाही गुन्हाच ठरतो.

घरेलू कामगार मंडळातील नोंदणीची चौकशी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात करता येते. असंघटित कामगारांसाठी २६ ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम ही केंद्राची नोंदणीही आहे. बोली करताना तास, आठवड्याची सुटी, सणाच्या दिवसांचा दर आणि रात्री थांबण्याचे पैसे हे चार मुद्दे आधी बोलून घेतले, तर पुढचे बरेच वाद टळतात. आणि खाड्याची फुली जिथे पडते त्याच चौकटीत जादा तासाचा आकडाही घालता येतो. कालनिर्णयात तेवढी जागा असते.