ओढ्याला नाव असतं, नकाशात ते नसतं

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा पुरंदर-बारामतीकडचा असेल, तर त्यात नीरा, कऱ्हा लगेच सापडतात. त्यांना येऊन मिळणाऱ्या बारीक रेघांचं जाळं मात्र बहुतेक बिननावाचं. त्यातल्या बऱ्याच रेघा काळ्या, कारण कोरडा पडणारा प्रवाह या नकाशांत काळ्या रंगाने काढतात.

उगमानंतर दुसरा कुठलाही प्रवाह न मिळालेला ओढा, ओघळ किंवा कोकणातला पऱ्ह्या हा पहिल्या श्रेणीचा प्रवाह. असे दोन एकत्र आले की दुसरी श्रेणी सुरू होते. साधारणपणे खोऱ्यातल्या सगळ्या प्रवाहांच्या लांबीपैकी निम्म्याहून जास्त लांबी पहिल्या श्रेणीचीच भरते. म्हणजे आपण नोंदवत नाही तो भाग किरकोळ नाही. नदीचं बरंचसं अंग तेच आहे.

रेघ आता संगणकही काढतो. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानातल्या रडारने जमिनीची उंची मोजली. ती साधारण ३० मीटरच्या चौकोनांत मिळते. प्रत्येक चौकोनातलं पाणी भोवतालच्या आठांपैकी सर्वांत जास्त उतार असेल तिकडे सोडायचं, की प्रवाह उमटतात. डोंगरात हे छान जमतं. सपाट काळ्या रानात फसतं. दोन मीटर रुंदीचा ओढा एवढ्या मोठ्या चौकोनात हरवतो, आणि रस्त्याखालची मोरी वरून दिसत नाही. तिथे पावसाळा सरता सरता, काठ अजून ओला असताना, मोबाइलवर जीपीएस लावून चालतच जावं लागतं. ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या इंटरनेटवरच्या नकाशावर चढवताना रेघ उगमाकडून खाली काढायची, कारण रेघेची दिशा हीच पाण्याची दिशा धरतात.

नाव विचारायला गुराखी सर्वांत भरवशाचा, असं माझं मत आहे. वरच्या वाडीत जो खडकओढा, तोच गावाजवळ म्हसोबाचा ओढा आणि खालच्या शिवारात नुसता नाला असू शकतो. यातलं एकच खरं मानून बाकीची खोडू नयेत. जे नाव जिथून जिथवर चालतं, तेवढ्या तुकड्याला ते द्यावं, आणि लोक म्हणतात तसंच देवनागरीत लिहावं. ‘शुद्ध’ करायला गेलं की पुढच्या माणसाला ते गावात विचारता येत नाही.

नावासोबत एक प्रश्न हमखास विचारावा: ओढा कधी आटतो? देशावर मातीचा थर पातळ आणि खाली बेसॉल्टचा खडक. पाणी साठतं ते खडकाच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. पाऊस थांबल्यावर ओढा वाहतो तो याच साठ्यावर. ‘पूर्वी होळीपर्यंत वाहायचा, आता दिवाळीतच आटतो’ असं कुणी सांगितलं, तर ती भूजलाची माहिती आहे. पावसाचा फरक, वाढलेल्या विहिरी-बोअर, नाल्याचं खोलीकरण, कारण काहीही असेल. ते शोधायला ‘पूर्वी’ म्हणजे साधारण कुठलं साल, हेही तिथेच विचारून लिहून घ्यावं.