धाप आणि फुफ्फुसातील केशवाहिन्या : ‘जे’ रिसेप्टरची पार्श्वभूमी

फुफ्फुसात रक्त साचले की श्वास उथळ आणि भराभर होतो, आणि त्यामागे व्हेगस नसेतून (मेंदूला हृदय-फुफ्फुसांशी जोडणारी चेता) जाणारे संदेश असतात, एवढे १९२९ मधील प्राण्यांवरील प्रयोगांनंतर ठाऊक होते. फुफ्फुस फुगले की श्वास आत घेणे आपोआप थांबवणारी हेरिंग-ब्रॉयर प्रतिक्षिप्त क्रिया तर १८६८ पासून ठाऊक होती. १९५० च्या सुमारास आणखी एक गोष्ट पुढे आली. फेनिल डायग्वानाइड हे रसायन मांजराच्या शिरेत टोचले, की श्वास क्षणभर थांबतो, मग उथळ आणि जलद होतो. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. हा संदेश फुफ्फुसातील नेमक्या कोणत्या चेतातंतूंतून निघतो, हे मात्र कोणी दाखवले नव्हते.

ते काम ब्रह्मदेशात जन्मलेल्या, लखनौत वैद्यक शिकलेल्या आणि एडिंबरात संशोधनाची तालीम घेतलेल्या अवतार सिंग पेंटल या भारतीय शरीरक्रियाशास्त्रज्ञाने केले; त्या तंतूंच्या टोकांनाच पुढे ‘जे’ रिसेप्टर (संवेदक) म्हटले गेले. त्याचे सारे यश हाताच्या कसबावर उभे होते. भूल दिलेल्या मांजराच्या मानेतील व्हेगस नस उघडी करायची, वरचे आवरण सोलायचे आणि द्रव पॅराफिनच्या थराखाली, सूक्ष्मदर्शकातून पाहत, सुयांनी तिचे धागे विलग करत जायचे. इतके, की इलेक्ट्रोडवर एकाच तंतूचे आवेग (विजेचे संदेश) उमटावेत. धागा सुकला की तो मेला. धागा जाड राहिला तर चार-पाच तंतूंचा गोंगाट ऐकू येतो. नस थंड झाली तर आवेगांचा वेग घटतो आणि मोजमाप फसते. वेग मोजायचा तो नसेवर दुसऱ्या ठिकाणी विजेचा झटका देऊन. ५ सेंटिमीटर अंतर सेकंदाला ४० मीटर वेगाचा तंतू सव्वा मिलिसेकंदात कापतो, १ मीटर वेगाच्या तंतूला ५० मिलिसेकंद लागतात. फुफ्फुस ताणल्याची खबर देणारे तंतू पहिल्या प्रकारचे, जाड आवरणाचे. नव्याने सापडलेले बहुतेक दुसऱ्या प्रकारचे, आवरण नसलेले, ज्यांचा आवेग यंत्राच्या खरखरीतून जेमतेम डोके वर काढतो. म्हणूनच ते इतकी वर्षे निसटले होते.

१९५५ च्या निबंधात त्यांना ‘डिफ्लेशन रिसेप्टर’ म्हटले गेले, कारण फुफ्फुसातील हवा ओढून घेतली की ते चेतत. इथेच घोळ सुरू झाला. १९६५ मध्ये कुत्र्यांवर काम करणाऱ्या दुसऱ्या गटाला असेच बारीक तंतू सापडले. मिरचीतील कॅप्सायसिनने ते चेतत आणि फुफ्फुस प्रमाणाबाहेर फुगवले तरीही चेतत. हवा काढल्यावर चेततात म्हणून दिलेले नाव मग कसे टिकणार? १९६९ मध्ये मूळ शोधकानेच ते बदलले. आता आधार होता जागेचा. रसायन हृदयाच्या उजव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात, जिथून रक्त पुढे फुफ्फुसाकडे जाते) सोडले, तर रक्त डाव्या बाजूला पोहोचण्याआधीच आवेग सुरू होत. हॅलोथेन या भुलीच्या औषधाची वाफ थेट फुफ्फुसात सोडली तरी ते जवळजवळ लगेच चेतत. म्हणजे ही टोके रक्त आणि हवा दोहोंच्या निकट, वायुकोशांच्या भिंतीत, केशवाहिन्यांना लागून असली पाहिजेत. ‘जक्स्टापल्मनरी कॅपिलरी’ (फुफ्फुसातील केशवाहिन्यांलगतचे), म्हणून इंग्रजी आद्याक्षरावरून ‘जे’. केशवाहिन्यांतून झिरपलेल्या द्रवाने लगतच्या ऊतीत वाढणारा दाब, ही त्यांची नैसर्गिक चेतना मानली गेली.

सगळ्यांनी हे स्वीकारले नाही. कुत्र्यांवर काम करणाऱ्या गटाने ‘पल्मनरी सी-तंतू’ (सी-तंतू म्हणजे आवरण नसलेले बारीक चेतातंतू) हेच नाव चालवले आणि श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांतून चेतणारे ‘ब्राँकिअल सी-तंतू’ वेगळे काढले. ही विभागणी आवश्यकच होती. प्राण्यांतला फरकही आड येत होता. फेनिल डायग्वानाइडचा मांजरावर जो ठाम परिणाम दिसतो, तो कुत्र्यात दिसत नाही. शिवाय ‘जे’ची जागा काळाच्या हिशेबातून काढलेली होती, डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वायुकोशांच्या भिंतीत असे तंतू फारच थोडे आढळले. आक्षेप रास्त आहे. तरीही ‘सी-तंतू’ एवढ्याने फक्त तारेची जात कळते. ती कशाची खबर देते हे ‘जे’ सांगते, आणि हृदयरोग्याची धाप समजून घेताना तेच हवे असते.

पुढे दिल्लीतील प्रयोगांत हाच प्रश्न माणसापर्यंत आला. ‘जे’ चेतले की पायांच्या स्नायूंच्या प्रतिक्षिप्त क्रिया दबतात, हे मांजरात १९७० च्या सुमारास दिसले होते. त्यावरून मांडणी झाली, की अतिश्रमात फुफ्फुसात द्रव वाढू लागताच शरीर स्नायूंनाच थांबवते. १९९० च्या दशकात स्वयंसेवकांना शिरेतून लोबेलिन हे ‘जे’ चेतवणारे रसायन देण्यात आले. घसा व छातीच्या वरच्या भागात कोंडल्यासारखे वाटून खोकला येतो, हे त्यांनी सांगितले आणि मांजरातील आवेगांशी त्याचा मेळ घातला गेला. स्नायू थांबवण्याचा भाग मात्र माणसात वादातच राहिला. हृदय-फुफ्फुस प्रत्यारोपणात व्हेगसच्या फुफ्फुसाकडील शाखा कापल्या जातात, तरी त्या रुग्णांचा श्वास व्यायामात वाढतोच. निरोगी माणसाच्या श्रमातील श्वासवाढीसाठी ‘जे’ची गरज नाही, इतके त्यातून ठरते. हृदयाच्या डाव्या बाजूची माइट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णाच्या तुंबलेल्या फुफ्फुसाबद्दल त्यातून काहीच ठरत नाही, आणि १९५५ पासूनचा मूळ प्रश्न त्या फुफ्फुसाचाच आहे.