फिनाईल शिंपडलं की साप येत नाही?

पुण्यातल्या बावधन, सूस, कात्रज अशा टेकडीलगतच्या सोसायट्यांत दर पावसाळ्यात एक निरोप फिरतो: घराभोवती फिनाईल किंवा कार्बोलिक ॲसिड शिंपडा, साप फिरकणार नाही.

या समजाला अनुभवाचा आधार वाटतो. शिंपडलं आणि साप दिसला नाही. पण शेजारच्या इमारतीत विचारून बघा. तिथं काहीच शिंपडलेलं नसतं आणि साप तिथंही सहसा दिसलेला नसतो, कारण तो मुळात माणसाला टाळतो.

सापाला वास कळतो हे खरं. जिभेनं टिपलेले गंधकण तो टाळूतल्या इंद्रियापर्यंत नेतो. अंगावर थेट पडलेलं ॲसिड त्याला भाजतं, म्हणून तो उसळतो. जमिनीवरचा वास मात्र पुण्याच्या एका सरीत धुऊन जातो. शिवाय कार्बोलिक ॲसिडनं माणसाची कातडीही भाजते, पोटात गेलं तर ते विष आहे. रांगत्या बाळाच्या घरात ते नकोच.

साप येतो तो उंदीर, बेडूक आणि आडोशासाठी. रात्री घरातला दिवा लावून बाहेरून दाराकडे पाहा. खालून उजेड दिसला तर ती फट बुजवा. कचरा झाकून ठेवा, भिंतीलगतचा राडारोडा हलवा. हे कंटाळवाणं आहे, पण उपयोगाचं आहे.

साप दिसलाच तर लांब राहून सर्पमित्राला बोलवा. चावला तर जखम कापू नका, आवळून बांधू नका, 108 ला फोन करून थेट रुग्णालय गाठा.