लॉइटन 726-8 (यूव्ही सेटी)

तिमिंगल तारकासमूहातील, सूर्यापासून सुमारे 8.7 प्रकाशवर्षे अंतरावरचा युग्मतारा. यातील दोन्ही तारे तांबडे बटू (लहान, तुलनेने थंड व मंद तारे) असून दोन्ही ज्वाला-तारे (अचानक भडकणारे तारे) आहेत. सूर्याच्या निकटतम शेजाऱ्यांत गणना होत असूनही ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, कारण त्यांच्या दृश्य प्रती (तेजाचे माप; अंक जितका मोठा, तितका तारा मंद) 12.7 व 13.2 च्या आसपास आहेत. आकाशात ही जोडी टाऊ सेटी या ताऱ्यापासून सव्वादोन-अडीच अंशांवर, नैर्ऋत्येला आढळते.

डच-अमेरिकन ज्योतिर्विद विलेम लॉइटन यांना 1948 मध्ये ही जोडी सापडली, ती तिच्या वेगामुळे. ते मोठी निजगती (आकाशात स्वतःच्या गतीने सरकणे) असलेले तारे शोधत होते आणि ही जोडी आकाशात दरवर्षी सुमारे 3.4 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) सरकते. घटक तारे बीएल सेटी व यूव्ही सेटी या नावांनी ओळखले जातात. त्यांपैकी यूव्ही सेटी किंचित मंद असला तरी कीर्ती त्याच्याच वाट्याला आली. अचानक भडकून पुन्हा पूर्ववत होणाऱ्या ताऱ्यांच्या अख्ख्या वर्गाला त्याचेच नाव मिळाले आहे.

1952 मध्ये यूव्ही सेटीची तेजस्विता अवघ्या 20 सेकंदांत सुमारे 75 पट झाल्याची नोंद आहे. भडका काही सेकंदांत किंवा मिनिटांत टोक गाठतो, मात्र ओसरायला त्याहून बराच जास्त वेळ घेतो, आणि तांबड्या प्रकाशापेक्षा निळ्या व जंबुपार प्रकाशात तो कितीतरी प्रखर दिसतो. यामागची यंत्रणा सौर ज्वालांसारखीच असते: चुंबकीय बलरेषा तुटून नव्याने जोडल्या जाताना साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते. मोठ्या सौर ज्वालेनेही सूर्याच्या एकूण प्रकाशात जेमतेम फरक पडतो; येथे मूळ ताराच इतका मिणमिणता आहे की तेवढ्या ऊर्जेनेही त्याचे रूप पालटते. ब्रिटिश ज्योतिर्विद बर्नार्ड लोव्हेल यांनी 1958 पासून इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथील रेडिओ दुर्बिणीने ज्वाला-ताऱ्यांचे रेडिओ-वेध घेतले, त्यांत यूव्ही सेटीला महत्त्वाचे स्थान होते.

हे दोन तारे परस्परांभोवती सुमारे 26.5 वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. कक्षा बरीच लांबट (उत्केंद्रता, म्हणजे लांबटपणाचे माप, सुमारे 0.62) असल्याने त्यांच्यातील अंतर साधारण 2 ते 9 खगोलीय एककांदरम्यान (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) बदलत राहते. प्रत्येकाचे वस्तुमान सूर्याच्या जेमतेम 0.12 पट, म्हणजे हायड्रोजनचे स्थिर ज्वलन शक्य होण्याच्या किमान मर्यादेच्या थोडेच वर आहे. एवढ्या लहान ताऱ्यात गाभ्यापासून पृष्ठापर्यंत सर्वच द्रव्य संनयनाने (उष्ण द्रव्य वर व थंड द्रव्य खाली जाण्याच्या क्रियेने) घुसळत असते. त्यात हे दोघे सहा तासांहूनही कमी वेळात स्वतःभोवती फिरतात, त्यामुळे तीव्र चुंबकीय क्षेत्र निर्माण होते.

या जोडीचे खरे कोडे मात्र तिच्या सारखेपणात आहे. वस्तुमान, त्रिज्या आणि परिवलन यांत दोघांत नाममात्रच फरक आहे. जोडीने जन्मलेले असल्याने त्यांचे वयही एकच मानता येते. तरीही यूव्ही सेटीचे चुंबकीय क्षेत्र चुंबकपट्टीसारखे, दोन ध्रुवांचे व अधिक प्रबळ आहे, तर बीएल सेटीचे क्षेत्र गुंतागुंतीचे व विस्कळीत आहे. यूव्ही सेटीकडून त्याच्या परिवलनाच्या तालावर, सुमारे साडेपाच तासांनी, येणारे रेडिओ-स्पंद ग्रहांवरील ध्रुवीय प्रकाशाशी संबंधित प्रक्रियेची आठवण करून देतात. सारख्याच ताऱ्यांत चुंबकीय क्षेत्राची दोन भिन्न रूपे कशी टिकतात, या प्रश्नाच्या अभ्यासासाठी इतकी जवळची जोडी क्वचितच मिळते.