एचआयव्ही प्रतिबंधासाठी वर्तनबदल कार्यक्रम

एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी लोकांच्या सवयी बदलाव्यात म्हणून आखून केलेले काम. दर वेळी कंडोम वापरणे, वेळच्या वेळी तपासणी, गुप्तरोगांवर उपचार, सुया-सिरिंज एकमेकांच्या न वापरणे आणि लागण झालेल्यांनी एआरटीच्या, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या, गोळ्या न चुकवणे, एवढे सारे त्यात येते. नुसती माहिती देणे हा त्यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी उपयोगाचा भाग. कंडोमने संसर्ग टळतो हे ठाऊक असूनही न वापरणारे पुष्कळ असतात.

सातारा-सांगलीत प्रश्नाची मुळे पोटापाण्यासाठी घरापासून लांब राहण्यात आहेत. पुणे-बंगळूर महामार्गावरचे ट्रकचालक, मुंबईत माथाडी कामाला असलेले सातारकर, देशभर सोने-चांदी गाळणारे खानापूर-आटपाडीचे गलाईवाले, ऊसतोडीच्या टोळ्या. यांना सकाळी अकराची सभा गाठता येत नाही. चालक रात्री ढाब्यावर भेटतो आणि मुंबईकर गावच्या जत्रेला, त्यामुळे कामाचे वेळापत्रकही त्यांच्या सोयीनेच लावावे लागते.

सांगलीच्या गोकुळनगरात १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेने वेश्याव्यवसायातील स्त्रियांनाच कामाच्या केंद्रस्थानी आणले. त्यातून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ (व्हॅम्प) उभी राहिली. वस्तीतलीच बाई पिअर एज्युकेटर, म्हणजे आपल्यासारख्याच बायकांना माहिती देणारी कार्यकर्ती, असली की पोलिसांचा जाच, मुलांची शाळा, उधारी हे सगळे तिला माहीत असते, म्हणून तिचे ऐकले जाते. जास्त धोका असलेल्या गटांसाठीच्या सरकारी लक्ष्यगट प्रकल्पांत साधारण ६० स्त्रियांमागे एक पिअर धरतात. त्याहून जास्त स्त्रिया सोपवल्या की भेटी फक्त वहीत होतात.

पुरवठ्याचे गणित आधी मांडावे. एखादीकडे दिवसाला चार गिऱ्हाइके आणि महिन्याला पंचवीस दिवस काम असेल तर तिला शंभर कंडोम लागतात, वर फाटण्या-सांडण्यासाठी दहा-पंधरा. तिला चाळीस देऊन ‘वापर वाढत नाही’ असा शेरा मारण्यात अर्थ नाही.

वापराचा सराव लाकडी मॉडेलवर करून घेतात: मुदतीची तारीख पाहणे, पाकीट दाताने न फाडणे, टोकाची हवा चिमटीत धरून काढणे, मुळापर्यंत उलगडणे, नंतर ताठरपणा असतानाच कडा धरून बाहेर काढणे. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावल्यास लॅटेक्स कमजोर होऊन फाटते. ही चूक वरचेवर होते. बोलण्याचा सरावही तितकाच लागतो. ‘जादा पैसे देतो, बिनकंडोम चल’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला एकटी बाई नकार देते तेव्हा तो शेजारच्या खोलीत जातो. सगळ्या गल्लीने एकच नियम धरला तर त्याला जायला जागा उरत नाही. कायमच्या जोडीदाराशी, म्हणजे ‘मालका’शी, मात्र वापर घसरतो, कारण तिथे कंडोम मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे ठरते. घरोघरच्या नवरा-बायकोंचीही हीच अडचण. म्हणून गरोदरपणातील तपासणीला नवऱ्यालाही सोबत बोलावणे उपदेशापेक्षा कामाचे.

कवटीची चित्रे आणि ‘एड्स म्हणजे मरण’ या घोषणांनी लोक घाबरले, पण तपासणीपासूनही पळाले. भीतीसोबत हाती करण्याजोगे काही दिले नाही की माणूस विषयच टाळतो. त्यापेक्षा खरी गोष्ट सांगावी: रोजच्या गोळ्यांनी रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका दाबला गेला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो पुढे जात नाही.

गुप्तता फुटली की काम ठप्प होते. तपासणीला संमती, गोपनीयता आणि भेदभावाला बंदी हे सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात आहे. तरी आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन व तपासणी केंद्र, याबाहेर ओळखीचे कुणी दिसेल या धास्तीने माणूस दुसऱ्या तालुक्यात जातो. १०९७ या मोफत हेल्पलाइनचा नंबर पत्रकावर हवाच.

मोजमापात घोळ ठरलेला. वाटलेल्या कंडोमच्या पेट्या मोजल्या की पेट्याच वाढतात. ‘नेहमी वापरता का?’ याला सगळे ‘हो’ म्हणतात. ‘शेवटच्या वेळी वापरला का?’ याचे उत्तर त्यातल्या त्यात खरे येते. त्याला सिफिलिस या गुप्तरोगाच्या सहामाही तपासणीची जोड द्यावी: वापर कागदावर वाढला आणि सिफिलिस उतरला नाही, तर कागद तपासावा.

जतसारख्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या रुग्णाचे काम टोळी निघण्याआधी उरकावे लागते: गोळ्यांचा शक्य तितका जास्त साठा, उपचाराची नोंद असलेल्या हिरव्या पुस्तिकेची प्रत आणि कारखान्याजवळच्या एआरटी केंद्राचे नाव.